पंचावन्न किलो

१

गाडीत माझ्याकडे एकच काम होतं. पावसानं माझ्या बाजूचा आरसा भरून गेला की काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि पिवळ्या फडक्यानं आरसा पुसायचा. पुसून झाला की मास्तर रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "दिसलं." एवढंच. पाऊस चार दिवस थांबला नव्हता, त्यामुळे दर दहा मिनिटांनी हे चालायचं. लोक नवऱ्याकडून दागिन्यांची अपेक्षा ठेवतात, मी त्या एका शब्दावर खूश होते.

मास्तर म्हणजे माझा नवरा. लाकूडकाम करतात, कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते मला काटेबाई म्हणतात, कारण बावीस वर्षं मी हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर काचेच्या केबिनमध्ये बसून ट्रक मोजले. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न झालं. त्याआधी कोणाच्या शेजारची जागा माझी आहे असं कधी झालंच नाही. बसमध्येसुद्धा मला नेहमी एकटी खुर्ची मिळायची. म्हणून या गाडीतली ही डुगडुगणारी सीट मला जीव की प्राण होती.

गाडी म्हणजे कॅम्परव्हॅन. मागे पलंग, मध्ये छोटा ओटा आणि कपाट, पुढे आम्ही दोघं. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनी एक जुनी व्हॅन घेऊन आतलं सगळं स्वतःच्या हातानं बांधलं. आठ वर्षांपूर्वी म्हणजे मी नव्हते. तेव्हा घरात आधीची होती. ती पाच वर्षांपूर्वी सोडून गेली. दुसऱ्या शहरात खुशाल आहे. मेली असती तर मी मोठ्या मनानं दोन अश्रू गाळले असते, पण जिवंत सवतीचं करायचं काय?

पहिल्याच दिवशी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ओटा बरोबर माझ्या कोपराला लागत होता. न बघता हात वर केला तर कपाचा हूक हाताशी आला. पलंगावर आडवी झाले तर पाय बरोबर कडेला टेकले.

"मास्तर, हे कोणाच्या मापानं केलंत?"

"माप घेतल्याशिवाय मी लाकडाला हात लावत नाही," मास्तर अभिमानानं म्हणाले.

म्हणजे आधीची बाई अगदी माझ्याच अंगाबांध्याची होती. फर्निचर फुकट जाऊ नये म्हणून या माणसानं माझ्याशी लग्न केलं, असा मी सरळ अर्थ काढला.

२

रस्ता आधी घनदाट जंगलातून जातो, मग घाट चढून उंच पठारावर. वाटेत तीन जुने पूल आहेत. पावसाच्या दिवसांत साडेतीन टनांवरची गाडी त्यांवरून सोडत नाहीत, म्हणून प्रत्येक पुलाच्या अलीकडे वजनकाटा आहे आणि त्याच्यापुढे अडसर. माणसं आत बसूनच वजन करायचं. मास्तरांना कटकट वाटली, मला मात्र माहेरी आल्यासारखं झालं.

निघण्याआधी मी माझ्या जुन्या काट्यावर गाडी मोजून घेतली होती, पुढची-मागची चाकं वेगळी आणि मग सगळी एकत्र. डिझेल आणि पाणी काठोकाठ, आम्ही दोघं आत: तीन हजार वीस किलो. पहिल्या पुलाच्या आधी मी मुद्दाम दोन्ही टाक्या भरून घ्यायला लावल्या. आकडा घरच्यासारखाच यायला हवा होता. फराळाचं निम्मं संपलं होतं, पण ते डब्यातून आमच्या पोटात गेलं होतं, गाडीतून कुठे जाणार?

काट्याच्या खांबावर लाल आकडे लागले. तीन हजार पंच्याहत्तर.

"पंचावन्न जास्त," मी म्हणाले.

"मर्यादेच्या आत आहे ना? मग झालं," मास्तर म्हणाले.

झालं कसं? काटेवाल्यांना आकडा चुकला की जेवण जात नाही. मी काच खाली करून केबिनमधल्या चष्मेवाल्याला ओरडून सांगितलं, मी पण याच धंद्यातली आहे, आधी पुढची चाकं घ्या, मग मागची. धंद्यातली म्हटल्यावर त्यानं हसून घेतली. पुढची चाकं बरोबर घरच्याइतकी होती. पंचावन्नच्या पंचावन्न किलो मागच्या चाकांवर होते.

मागे पलंग होता.

३

पंचावन्न हा आकडा मला चांगला माहीत होता. आमच्यात रोज सकाळी काटा सुरू केला की आधी स्वतः त्यावर उभं राहायचं असतं. आपलं वजन बरोबर आलं की काटा बरोबर. बावीस वर्षं मी रोज सकाळी त्या लोखंडी पाटावर एकटी उभी राहिले आणि बावीस वर्षं खांबावर पंचावन्न लागलं. काटा पाच-पाच किलोंनी पुढे जातो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालेलं त्याला कळत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच होतं. आधीचीचं सामान. या माणसानं तिचं काहीतरी पलंगाखाली दडवून बरोबर घेतलंय, माझ्याच सहलीत.

जंगलात रस्त्याच्या कडेला मोकळी जागा बघून आम्ही दुपारी थांबलो. झाडं इतकी उंच की पाऊस थेट अंगावर यायचाच नाही, पानापानांवरून उशिरानं उतरायचा. मास्तरांनी गाडीच्या बाजूला ताडपत्री बांधली. मी पलंगाखालचा एकेक खण बाहेर काढला आणि प्रत्येक वस्तू हातातल्या ताणकाट्याला लटकवून मोजली.

"काय शोधतेयस?"

"सवत."

"मिळाली तर तिला म्हणावं चहा टाक," मास्तर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

काही निघालं नाही. माझ्या यादीबाहेरचं म्हणाल तर एक गंजका पाना आणि दोन जळवा. साप म्हणून भुई धोपटली मी. सगळं परत लावलं, गाडीबाहेर आले, ताडपत्रीखाली मास्तरांच्या शेजारी बसले आणि मनाशी म्हटलं, गादीनं पाणी प्यायलं असेल. मग आठवलं की मी आत्ताच त्या गादीवर हात फिरवला होता आणि ती कोरडी होती.

ट्रक मोजता मोजता माझे कान तयार झाले आहेत. गाडीच्या स्प्रिंगवरून आत कितीजण आहेत ते मी पाठमोरी सांगू शकते. आम्ही दोघं बाहेर होतो. बेडूक ओरडत होते, ताडपत्रीवर थेंब पडत होते. आणि गाडीची मागची स्प्रिंग कुईं करून वर आली. पलंगावरून कोणी उठलं की येते तशी. मग मधल्या फळ्या वाजल्या. दोन पावलं. ओट्यापाशी येऊन थांबली.

"ऐकलंत?"

"लाकूड फुगतंय पावसानं," मास्तर म्हणाले. लाकडाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ओट्यापाशी फक्त दोनच माणसं उभी राहू शकतात, आणि ती दोघं ताडपत्रीखाली होती.

४

दुसऱ्या पुलाआधी मी पुन्हा टाक्या भरल्या. पुन्हा तीन हजार पंच्याहत्तर. पुन्हा पुढची आणि मागची चाकं वेगळी घ्यायला लावली. या काट्यावर एक बाई होती, तिनं भुवया उंचावल्या पण घेतली. या वेळी जास्तीचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर होतं, निम्मं मागच्या. म्हणजे जे काही होतं ते गाडीच्या मधोमध होतं.

मी वळून मागे पाहिलं. ओटा. कपाट. हुकाला लावलेला माझा कप हलत होता, पण गाडीत सगळंच हलतं.

"मान अवघडेल," मास्तर म्हणाले. "आरसा पूस."

मी पुसला.

"दिसलं," ते म्हणाले. आज त्या शब्दानं मला काही वाटलं नाही. मागे कोणीतरी तो ऐकत असेल आणि त्या बाईला तो माझ्याआधी कितीतरी वर्षं मिळाला असेल, एवढंच मनात येत राहिलं. मी जळत होते. भीती नंतरची. आधी मी जळत होते, हे कबूल करते.

५

घाट सुरू होण्याआधी एक पेट्रोल पंप होता, तिथेही टाक्या भरून घेतल्या. मास्तर स्टिअरिंगशीच बसून राहिले आणि मी पंपाच्या छपराखाली जाऊन आधीचीला फोन लावला. घराच्या कागदांसाठी तिनं एकदा फोन केला होता, तेव्हापासून नंबर माझ्याकडे होता. तो मी कशासाठी जपून ठेवला होता ते विचारू नका.

"मी मास्तरांची बायको बोलतेय."

"बोला की," ती म्हणाली. आवाज चांगला मोकळा होता, त्याचाही मला राग आला.

"तुमचं वजन किती?"

ती खो-खो हसली. "अगं बाई! सवतीला पहिला प्रश्न हा? बहात्तर. लपवायचं काय त्यात."

"आणि तेव्हा? आठ वर्षांपूर्वी?"

"तेव्हा ऐंशी होतं. उंची म्हणशील तर तुझ्या नवऱ्याच्या वर चार बोटं. का गं?"

मी छपराच्या खांबाला टेकले. "मग व्हॅनमधला तो ओटा..."

ती हसायची थांबली. "तू व्हॅनमध्ये आहेस होय? त्या ओट्यापाशी मला कंबरेत वाकून उभं राहायला लागायचं. हुकाशी रोज कपाळ आपटायचं. मी त्याला विचारलं होतं, बाबा, हे कोणाच्या मापानं केलंस? मला वाटलं बाहेर कोणीतरी आहे. त्यावरूनच आमची भांडणं सुरू झाली." मग तिनं आवाज खाली आणला. "तू आत्ता गाडीत बसून बोलतेयस की उतरून?"

"उतरून."

"जा मग. जाऊन बस आपल्या जागेवर."

मी फोन बंद केला. मोठी आली मला जागा शिकवणारी! पण पाय गाडीकडे वळले. आधीची नाही, तर मग ते माप कोणाचं? ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माझ्या कोपराला माहीत होतं.

पंपापासून गाडी वीस पावलांवर होती. पाऊस सरळ धारेनं पडत होता. काचेआड मास्तर मान थोडी वळवून काहीतरी बोलत होते, गालात हसत होते. एकटे असताना माणूस गुणगुणतो, हे मलाही समजतं. मी दार उघडलं. सीट रिकामी होती. पण बाहेरचा आरसा लख्ख पुसलेला होता, आणि पिवळं फडकं नेहमीच्या जागी, नेहमीच्या घडीत, ओलं.

"आरसा तुम्ही पुसलात?"

"माझा हात पोचतो का तिथवर? तूच नाही का पुसलास आत्ता."

मी बसले. सीट गरम होती. ती इंजिनानं होते, असं मी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत स्वतःला समजावलं.

६

वर जंगल संपलं. झाडं बुटकी झाली, मग नुसतं गवत आणि धुकं. धुक्यात मास्तर सावकाश चालवत होते.

"मास्तर, तो ओटा कोणाच्या मापानं केला?"

"तुझ्या."

"तेव्हा आपली ओळख नव्हती."

वायपर चार वेळा गेला आणि आला. "असं कसं होईल," ते म्हणाले. "तू उभी राहिली होतीस की तिथे. मी कोपराशी पेन्सिलीनं खूण केली. अजून असेल बघ फळीच्या आतून." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "का ते नंतर, फळी बदलली तेव्हा? छे. माझाच काहीतरी घोळ होतोय. वय झालं, काटेबाई."

मी उठून बघायला गेले नाही. सीटवरून उठायचंच नाही असं मी ठरवलं होतं. लहानपणी आम्ही बहिणी खिडकीच्या जागेवरून भांडायचो तेव्हाचा कायदा साधा होता: उठेल त्याची जागा गेली. माझ्या मागे, अगदी मानेजवळ, कोणीतरी माझ्याच लयीत श्वास घेतंय असं मला वाटत होतं. मी श्वास रोखला की काहीच ऐकू यायचं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं.

पण मला सिद्ध करायचं होतं. मास्तरांना दाखवायचं होतं, आकड्यात, लाल दिव्यांत, म्हणजे ते लाकूड फुगलं म्हणू शकणार नाहीत. ती इथे आहे, आणि ती मी नाही. यांच्या शेजारी मी बसते.

७

तिसऱ्या पुलाचा काटा पठाराच्या तोंडाशी होता. दुपारचे तीन वाजले होते आणि धुकं विरून नुसता पाऊस उरला होता. एक लाकडाचा ट्रक आमच्या मागे येऊन थांबला. काटेवाला पोरसवदा नव्हता, चांगला पिकल्या मिशांचा होता, आणि बाहेर छत्री घेऊन उभा होता.

खांबावर आकडा लागला. तीन हजार पंच्याहत्तर. मी पुढची-मागची चाकं घ्यायला लावली. मागची बरोबर घरच्याइतकी. पंचावन्न किलो आता पुढच्या चाकांवर होते. आमच्या दोघांच्यात, नाहीतर माझ्याच मांडीवर.

"मास्तर, मी उतरते. माझ्याशिवाय मोजूया."

"कशाला पावसात? बस ना."

"आकडा बघा फक्त. माझ्याशिवाय गाडीत एकटे तुम्ही. किती यायला हवं? दोन हजार नऊशे पासष्ट. बघा किती येतं ते."

आता लिहिताना कळतं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वजन करायचं तर ज्याचं नको ते उतरवायचं, ही आमची बावीस वर्षांची शिस्त. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. दुसरी कोणी बाई त्या सीटला चिकटून बसली असती.

मी उतरले. दार लावलं. स्प्रिंग कुईं करून वर आली आणि लगेच तेवढीच खाली बसली. मी चिखलातून चार पावलं बाजूला झाले आणि खांबाकडे पाहिलं.

तीन हजार वीस.

"बघा!" मी ओरडले. "बघा मास्तर, आहे की नाही!" मला खरंच आनंद झाला होता. चोर पकडल्याचा. मग तो आकडा मी पुन्हा वाचला. तीन हजार वीस. घरून निघालो तेव्हाचा. काठोकाठ डिझेल, काठोकाठ पाणी, मास्तर, आणि मी. किलोभरही जास्त नाही.

मिशीवाल्यानं चिठ्ठीवर लिहिता लिहिता काचेतून आत पाहिलं. "दोन माणसं. बरोबर आहे. जाऊ द्या." आणि अडसर वर गेला.

"थांबा!" मी म्हणाले. तो माझ्याकडे पाठ करून ट्रकवाल्याशी बोलत होता.

मास्तरांनी मान माझ्या सीटकडे वळवली. काहीतरी विचारलं. उत्तर ऐकून घ्यायला माणूस थांबतो तसे थांबले, मग हसले. माझ्याशी बोलताना ते असं हसले होते का, मी आठवायला लागले. दोन वर्षांतलं एकही हसू मला आठवेना. गाडी काट्यावरून खाली उतरली आणि सावकाश पुलाकडे निघाली.

मी धावले. काट्याच्या लोखंडी पाटावर पाय घसरला आणि मी तिथेच गुडघ्यांवर पडले. मान वर केली तेव्हा गाडी पुलाच्या मध्यावर होती. माझ्या बाजूची काच खाली गेली. एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत. त्यात पिवळं फडकं होतं. त्यानं आरसा वरून खाली एकदा, फक्त एकदा, अलगद पुसला. मला त्यासाठी तीन-चार वेळा हात फिरवावा लागायचा. माझ्या हाताला ते कधी इतकं सफाईनं जमलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. पण मी चिखलात बसून एवढाच विचार करत होते की आता ते म्हणाले असतील, "दिसलं."

गाडी पावसात नाहीशी झाली. मी उठून उभी राहिले. काट्याच्या पाटावर मी एकटी होते, बावीस वर्षं रोज सकाळी असायचे तशी, आणि सवयीनं नजर खांबाकडे गेली.

शून्य.

ओला काटा कधीकधी हलकं वजन धरत नाही, मी मनाशी म्हटलं. पाटाखाली गाळ साचला की असं होतं. मी दोन्ही पाय घट्ट रोवले. मग उजवा पाय जोरात आपटला. मग दोन्ही पायांनी उडी मारली. लाल शून्य तसंच राहिलं.

मिशीवाल्यानं छत्री वर केली आणि माझ्या आरपार बघत लाकडाच्या ट्रकला हात केला.

"ये पुढे," तो म्हणाला. "काटा रिकामा आहे."